सदूअण्णांची घडीची सायकल

या, असे जवळ येऊन बसा. मागं राहिलात तर माझा आवाज पोचायचा नाही. झांज वाजवून वाजवून माझे कान अधू झालेत आणि कान अधू झालेला माणूस एक तर ओरडतो, नाही तर पुटपुटतो. मी पुटपुटणाऱ्यातला. बुक्का लावून झाला ना? मग टेका. कीर्तनाला अजून अवकाश आहे, तोवर एक हकिगत सांगतो. देवाची नाही, माणसाची आहे. पण देवापुढं घडलेली आहे, म्हणून देवळात बसून सांगायला हरकत नाही.

"ही सायकल म्हणायची का गाडी?" सदूअण्णांनी विचारलं.

मिरजेतलं इस्माईलभाईंचं दुकान. अण्णांच्या पुढ्यात एक बुटकी, करड्या रंगाची विजेवरची सायकल उभी होती. इस्माईलभाईंनी मधली कडी सोडली, दांडा वाकवला, आणि चाक चाकाला भिडून सायकलीचं गाठोडं झालं. अण्णा लहान मुलासारखे हसले. ते वरच्या मजल्यावर राहायचे, जिना अरुंद, खाली ठेवायला जागा नाही. त्यांना हवी होती ती हीच सोय. दुकानातली ही सगळ्यांत स्वस्त, आणि अण्णांना परवडणारी तेवढीच होती.

"कायद्यानं सायकलच," इस्माईलभाई म्हणाले. "अडीचशे वॅटच्या आतली मोटर, पंचवीसच्या वर पळत न्हाई. लायसन नको, पासिंग नको, नंबरची पाटी नको. हेल्मेटची बी सक्ती न्हाई."

"हे सगळं नको-नको झालं. पाळायचं काय, ते सांग की."

इस्माईलभाईंनी माझ्याकडं बघितलं. "नरहरी, तुमचं हे गिऱ्हाईक वेगळंच दिसतंय. आजवर कुणी हे विचारलं न्हाई."

"मी विचारतोय," अण्णा म्हणाले.

"डावीकडनं चालवायची. सिग्नल बघायचा. अंधार पडला की दिवा लावायचा. उलट्या बाजूनं घुसायचं न्हाई." मग जरा आवाज उतरवून, "तसं आता सगळेच घुसत्यात म्हणा."

"सगळ्यांचं मला काय करायचंय?"

"बरं, एक गंमत सांगू? ही पांढरी वायर सोडवली, की चाळीसनं पळती. सोडवून देऊ?"

"मग ती सायकल राहील?"

इस्माईलभाईंनी मान खाजवली. "कायद्यानं न्हाई राहायची. गाडी हुईल."

"मग बांधलेलीच असू दे. आपण तरी कुठं मोकळे हाय?" असं म्हणून अण्णांनी सक्ती नसलेलं हेल्मेटही घेतलं आणि माझ्या डोक्यावर घालून बघितलं. "नरू, तुला शोभतंय. अक्कल आत राहील, सांडणार न्हाई."

आता हे सदूअण्णा कोण, ते सांगायला हवं. सदाशिव गुरव. कीर्तनकार वामनबुवा तांबवेकरांचे पेटीवाले; मी त्याच कीर्तनात झांजेवर. बुवांच्या वडिलांच्या कीर्तनातही पेटी अण्णांचीच, म्हणजे वामनबुवा चड्डीत होते तेव्हापासून अण्णा त्यांना ओळखत. घरी ते त्यांना 'वामन' म्हणत, चहात साखर जास्त घालतो म्हणून रागवत. पण बुवांनी उपरणं घेतलं, गळ्यात हार पडला, बुवा नारदांच्या गादीवर उभे राहिले, की हेच अण्णा वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचे. पहिल्यांदा बघणारा चपापायचा. कीर्तनातली रीतच तशी. गादीवर जो उभा असतो त्याचं वय, नातं, गोत्र सगळं गादीखाली राहतं. बाप मुलाच्या पाया पडतो. आणि एकदा बुवा उभे राहिले, की आरती होईपर्यंत त्यांना कुणी हाक मारत नाही, निरोप देत नाही. आपण सगळेच ही रीत पाळतो. पण अण्णांचं पाळणं जरा खोल होतं. किती खोल, ते मला त्या दिवशी कळलं.

पूर्वी ही जोडी बुवांच्या स्कूटरवरून गावोगाव हिंडायची. बुवा पुढं, मागं अण्णा, अण्णांच्या मांडीवर पेटी. पुढं बुवांची नजर कमी झाली, लायसन वाढवून मिळेना, तेव्हा स्कूटर गेली. मग गावची मंडळी बुवांना न्यायला जीप पाठवू लागली. पुढं बुवा बसायचे, मागं तबलजी, हारांच्या करंड्या, नारळांचं पोतं, आणि त्या सगळ्यात कुठं तरी अण्णा. कुणी मुद्दाम केलं असं नाही. पण एकदा परत येताना एका कार्यकर्त्यानं विचारलं, "सामान सगळं चढलं का?" आणि दुसरा म्हणाला, "चढलं, पेटीवाले पण चढले." अण्णा त्यावर हसले. पुढच्याच महिन्यात मला घेऊन इस्माईलभाईंच्या दुकानी गेले.

वैशाखात नृसिंहजयंती आली. शिवणगे गावात नृसिंहाचं जुनं देऊळ आहे, आणि तिथलं जन्माचं कीर्तन म्हणजे आमच्या भागात मोठा सोहळा. देव प्रकटतात ते दिवस मावळताना. त्यामुळं बुवांना आख्यान असं बेतावं लागतं, की सूर्य टेकायला आणि खांब दुभंगायला गाठ पडावी. हिरण्यकश्यपू विचारतो, "या खांबात आहे का तुझा देव?" बुवा ते विचारून गप्प होत. आणि त्या गप्प जागेत अण्णांची पेटी घुमायला लागे. खालच्या सप्तकातून, आधी ऐकू येतंय की नाही असं. मग पोट हलवणारी गुरगुर, मग चढत चढत सगळ्या पट्ट्या एकदम, आणि एकाएकी शांत. त्यानंतर घंटा, गुलाल, जयघोष. शिवणग्यातली पोरं म्हणायची, खांब फोडतात ते पेटीवाले आजोबा. म्हाताऱ्या बायका वर्षभर त्या जागेची वाट बघायच्या. अण्णांच्या आयुष्यात दुसरा काही मान नव्हता. शाल नाही, श्रीफळ नाही, पत्रिकेत नावही नाही. वर्षातून एकदा खांब फोडायचा, एवढंच.

त्या दिवशी दुपारी जीप आली. बुवा म्हणाले, "अण्णा, चला. ऊन फार आहे."

"माझी गाडी हाय की आता. येतो मागनं. नरू हाय सोबत."

"बघा हं. पोचाल ना वेळेवर?"

"तुमच्या आधी पोचलो तर हार मला घालतील, म्हणून जरा थांबून निघतो."

बुवा हसले, जीप गेली. आम्हीही लगेच निघालो, कारण माझी सायकल पायांची. अण्णांनी पेटी गोधडीत गुंडाळून मागं बांधली, हेल्मेट घातलं, काळी टोपी खिशात ठेवली. वाटभर ते माझी थट्टा करत होते. "नरू, पाय दुखले तर सांग, तुला दोरी बांधून वढतो." त्यांना इतकं खुशीत मी फार दिवसांनी बघत होतो.

तो रस्ता नुकताच चौपदरी झालेला. मध्ये दुभाजक. शिवणग्याचा फाटा उजव्या हाताला, आणि त्याच्यासमोर दुभाजकात जी मोकळी जागा होती ती आठवड्यापूर्वीच भिंत घालून बुजवलेली. आम्हाला पत्ता नव्हता. फाट्याच्या थोडं अलीकडं एक जागा उघडी होती. तिथं मोटरसायकली, दुधाच्या गाड्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, सगळे पलीकडं जात होते आणि उलट्या बाजूनं फाटा गाठत होते. अगदी हाकेचं अंतर.

मी सायकल वळवली. अण्णा वळले नाहीत.

"तिकडनं उलटं जावं लागतंय," ते म्हणाले.

"एवढंसंच तर आहे, अण्णा. फाटा दिसतोय बघा."

"सरळ कुठनं जायचं?"

एका दूधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पुढं भुयारी मार्ग आहे, तिथनं वळून पलीकडच्या रस्त्यानं परत या. किती लांब, तर त्यानं हात लांब करून नुसता क्षितिजाकडं दाखवला.

"उशीर होईल," मी म्हणालो. "पायी जाऊ या, सायकली ढकलत. मग तर काही अडचण नाही?"

"पेटी बांधलेली सायकल ढकलत, समोरनं येणाऱ्या ट्रकांच्या तोंडाला? माझा गुडघा हाय का तसला?"

"मग मी पेटी घेऊन पुढं होतो."

"पेटी माझ्याबरोबर येईल," अण्णा म्हणाले. आणि मग, माझा चेहरा बघून असेल, जरा समजावणीच्या सुरात बोलले. "चैत्रात राममंदिरात बुवा काय म्हणाले, आठवतंय? म्हणाले, देवळात जो सरळ आणि रस्त्यावर उलटा, त्याची प्रदक्षिणा देवाला पोचत न्हाई. गादीवरनं म्हणाले. मी समोर पेटीवर होतो. मी मान हलवली, नरू. मान हलवली म्हणजे घेतलं."

"बुवा बोलण्याच्या ओघात बोलले असतील."

"बुवा कुठं बोलत्यात गादीवर? गादीच बोलती." अण्णांनी हँडलची मूठ पिळली, आणि ते सरळ पुढं निघाले.

मी मागोमाग. वारा समोरून, तव्यावरचा. भुयारी मार्ग आला तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. वळून परत फिरलो, आणि फाटा दिसू लागला तसा अण्णांच्या सायकलीचा आवाज बारीक होत गेला. मुठीजवळचा बॅटरीचा दिवा लुकलुकला, विझला. स्वस्तातली बॅटरी, दुकानात सांगितलेलं अंतर बिनओझ्याचं, बिनवाऱ्याचं असणार. अण्णांनी पायांनी मारून बघितलं. पेटीचं वजन, मोटरचं वजन आणि सत्तरीतला गुडघा. दहा पावलांत ते उतरले.

मी देवस्थानच्या बाळासाहेबांना फोन लावला. मागं झांज ऐकू येत होती, दुसऱ्याच कुणाची तरी.

"बाळासाहेब, आम्ही फाट्यापाशी आहोत. अण्णांची सायकल बंद पडली. बुवांना सांगा, येतोय."

"अहो, बुवा गादीवर उभे राहिलेत. पूर्वरंग संपला, आख्यान लागलं. आता उभ्या कीर्तनात कोण निरोप देणार? या तुम्ही, या. गाडी पाठवली असती, पण सगळा गाव आत आहे."

त्यांचंही चुकलं नाही. मी असतो तर मीही दिला नसता निरोप.

फाट्यावरून आत वळलो. अण्णा सायकल ढकलत होते, मी एका हातानं माझी सायकल आणि एका हातानं त्यांची पेटी सावरत होतो. कालव्याचा पूल आला आणि वाऱ्याबरोबर देवळावरच्या कर्ण्याचा आवाज आला. बुवांचा आवाज, खणखणीत. प्रल्हादाला कड्यावरून लोटण्याचा प्रसंग चालू होता. अण्णांची पावलं उचलायला लागली. "हाय, वेळ हाय," ते म्हणाले. "अजून हत्ती यायचाय, मग अग्नी. तेवढ्यात पोचतो."

आणि बुवा मध्येच थांबले. एखाद्या रिकाम्या जागेकडं नजर जावी तसे. मग त्यांचा हसरा, लाडिक आवाज आला. कीर्तनात विनोद आला की तो आवाज ते लावायचे. निरोप त्यांना पोचलाच नव्हता, बोलले ते सगळं अंदाजानं.

"मंडळी, आज पेटी नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. आमचे सदूअण्णा. आयुष्यभर बुवांच्या मागं बसले. आता त्यांनी नवी गाडी घेतली, म्हणाले, आता बुवा मागं. पण गाडी कसली, तर घडीची. वाटेत तिच्या मनात आलं, आणि ती मिटली. आता अण्णा गाडीवर नाहीत, मंडळी. गाडी अण्णांवर आहे."

कर्ण्यातून हसू आलं. सगळ्या गावाचं. शेतांवरून, द्राक्षांच्या मांडवांवरून, पाण्यावरून ते आमच्यापर्यंत आलं. मी अण्णांकडं बघायला धजलो नाही. पण ऐकलं, तेही हसले होते. हलकंसं. एवढं त्यांनी बुवांना कधीच माफ केलेलं होतं.

हसू मिळालं की बुवा आणखी एक द्यायचे. सगळेच कीर्तनकार देतात.

"स्वस्तातली बॅटरी आणि स्वस्तातली भक्ती," बुवा म्हणाले, "दोन्ही चढावर दम सोडतात. अण्णा, ऐकताय ना?"

पुन्हा हसू. मग हत्ती आला, आख्यान पुढं गेलं.

अण्णा पुलाच्या कठड्यापाशी थांबले. सायकल टेकवली. हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं, टोपी घातली.

"चला, अण्णा. दोन फर्लांग राहिलंय."

गाठी सोडून त्यांनी पेटी उतरवली, गोधडी पुलावरच अंथरली, देवळाकडं तोंड करून मांडी घातली आणि कर्ण्याच्या दिशेनं डोकं टेकवलं. गादीला टेकवतात तसं.

सूर्य बागांच्या वर वीतभर राहिला होता. कर्ण्यात हिरण्यकश्यपू गरजत होता. अण्णांनी भाता उघडला. बुवांनी विचारलं, "या खांबात आहे का तुझा देव?"

आणि बुवा गप्प झाले. सवयीनं असेल. तिकडं पेटी नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ती जागा त्यांनी मोकळी सोडली. कर्ण्यातून नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला.

त्या जागेत अण्णांनी सूर धरला. इथं, पुलावर. तेच बारीक घुमणं, तीच गुरगुर. पाण्याला ते ऐकू जात असावं, असं मला वाटलं. चढत चढत सगळ्या पट्ट्या एकदम, आणि शांत. तिकडं कुणी तरी घाईनं घंटा बडवली. जयघोष झाला. मी रस्त्यावर गुडघे टेकून हात जोडले; खांब माझ्या समोर फुटला होता.

अण्णांनी भाता मिटला. "तू जा, नरू. आरती चुकवू नको."

"आणि तुम्ही?"

"मी जातो हळूहळू. घरचा उतार हाय."

मी देवळात पोचलो तेव्हा आरती संपत आली होती. बुवा गादीवरून उतरले, गुलालानं माखलेले, चेहऱ्यावर तृप्ती. मला बघून म्हणाले, "काय रे, कुठं ठेवलंस अण्णांना? रागावले की काय?"

मी सगळं सांगितलं. दुभाजक, भुयारी मार्ग, राममंदिरातलं वाक्य. "तुमच्या शब्दापायी उशीर झाला," असं नाही म्हणालो. पण बुवांना कळायचं ते कळलं. त्यांनी गळ्यातला हार काढला आणि अनवाणी तसेच चालत कालव्यापर्यंत आले. पुलावर कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी बुवा माझा हात धरून अण्णांचा जिना चढले. अण्णांनी चहा केला. साखर जास्त घातली, विचारलंसुद्धा नाही.

"अण्णा, थट्टा होती," बुवा म्हणाले. "तुमची-माझी थट्टा काय आजची आहे?"

"तुमची थट्टा असती तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो, वामन. गाडीचं तुम्ही बोललात, मी हसलो. विचारा नरूला."

"मग?"

"भक्तीचं गादीवरनं आलं."

"तोंडून गेलं हो माझ्या."

"असं कसं? उलट्या बाजूनं जाऊ नको, हे गादीवरनं आलं ते मी घेतलं. मग हे बी घ्यायला पाहिजे. एक घ्यायचं आणि एक टाकायचं, असं मी कधी केलं न्हाई. तुमच्या वडलांपासनं न्हाई." अण्णांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "स्वस्तातली असंल माझी. मला कळलं नसंल. अशा हातानं तुमच्या मागं बसणं बरं न्हाई."

बुवांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "गादीवरून गेलेलं गादीवरून परत घेता येतं का?"

अण्णांनी विचार केला. खरंच विचार केला. "कधी ऐकलं न्हाई. पण घेतलंत, तर ऐकायला येईन. पुढं बसेन."

गुरुपौर्णिमेचं राममंदिरातलं कीर्तन ठरलेलंच होतं. बुवा म्हणाले, "त्या दिवशी." अण्णा जिन्यापर्यंत सोडायला आले.

ज्येष्ठातच अण्णा गेले. झोपेत, काही निमित्त न होता. सकाळी शेजारणीनं हाक मारली, आणि ओ आली नाही.

गुरुपौर्णिमेला बुवा गादीवर उभे राहिले. नमन झालं. बुवांनी ओठ उघडले, पुढच्या रांगेकडं बघितलं, आणि मला कळलं की आता ते बोलणार. पण ज्यानं घ्यायचं तोच नव्हता. बुवांनी ओठ मिटले आणि निरूपणाचं पद धरलं.

तेव्हापासून आजवर बुवांनी गादीवरून विनोद केलेला नाही. लोक म्हणतात, बुवा म्हातारे झाले, कीर्तन कोरडं झालं, पूर्वी पोट दुखेपर्यंत हसवायचे. मी झांज सोडली तोवर त्यांच्या मागं उभा होतो. मला दिसायचं की विनोदाची जागा आली की त्यांचा हात उपरण्याकडं जातो, आणि ते ती जागा ओलांडून पुढं जातात.

हे बघा, समया लावल्या. आता मी गप्प बसतो. एवढंच मागणं आहे: आज आरतीला हात जोडाल तेव्हा मनातल्या मनात एक नाव घ्या. सदाशिव गुरव, पेटीवाले. ते वेळेवर निघाले होते, एवढं ध्यानात ठेवा.